कंपनीमार्फत अमेरिकेचं ग्रीन कार्ड: तारीख लवकर मिळवा, कागद त्याआधी जमवा

एच-१बी या कामाच्या व्हिसावर अमेरिकेत काम करणाऱ्या माणसाला कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर ग्रीन कार्ड मिळवायचं असेल, तर बहुतेक वेळा तीन टप्पे पार करावे लागतात. पहिला पर्म, म्हणजे कामगार खात्याचं लेबर सर्टिफिकेशन. या जागेसाठी लायक आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही, हे कंपनीला त्यात दाखवावं लागतं. दुसरा आय-१४०. तो यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जातो. त्यात कंपनी पगार देऊ शकते आणि तुम्ही त्या जागेच्या अटी पूर्ण करता, हे तपासलं जातं. तिसरा आय-४८५, म्हणजे प्रत्यक्ष ग्रीन कार्डाचा अर्ज. पहिले दोन अर्ज कंपनीचे असतात आणि तिसरा तुमचा.

या सगळ्यातून तुमच्या हाती टिकाऊ अशी एकच गोष्ट येते, ती म्हणजे प्रायॉरिटी डेट. पर्मचा अर्ज कामगार खात्यात दाखल झाला तो दिवस म्हणजे तुमची प्रायॉरिटी डेट. आय-१४० एकदा मंजूर झालं की पुढे कंपनी बदला, हुद्दा बदला, ही तारीख तुमच्याबरोबर येते. म्हणून ती शक्य तितकी लवकर पदरात पाडणं आणि हातची न जाऊ देणं, यावर सगळं लक्ष ठेवा.

तारखेला एवढं महत्त्व का, ते आकड्यांवरून कळतं. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि त्यात नवरा-बायको व मुलंही मोजली जातात. पात्रतेनुसार केलेल्या ईबी-१, ईबी-२ आणि ईबी-३ या प्रत्येक गटाला त्यातला २८.६ टक्के वाटा. त्यावर कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. भारतातून अर्ज करणारे या मर्यादेच्या कितीतरी पट असल्याने २०२५ च्या उन्हाळ्यात भारताच्या ईबी-२ आणि ईबी-३ या दोन्ही रांगा २०१३ सालात घुटमळत होत्या, म्हणजे त्या सालातल्या प्रायॉरिटी डेटवाल्यांचा नंबर तेव्हा लागत होता. आज अर्ज केला तर अमुक वर्षांत कार्ड मिळेल, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्या आकड्यावर संसाराचे बेत आखू नका.

तरीही पर्म आणि आय-१४० लवकर करून घ्यायलाच हवेत, कारण त्यांचा फायदा कार्ड मिळण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. एच-१बी ची मुदत सहा वर्षांची. आय-१४० मंजूर असेल आणि रांगेत तुमची तारीख आलेली नसेल, तर सहा वर्षांनंतरही एका वेळी तीन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळते. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर असलेल्या जोडीदाराला नोकरीचा परवाना, म्हणजे एच-४ ईएडी, साधारणपणे याच मंजुरीच्या आधारावर मागता येतो.

कधी सुरुवात करायची

आय-१४० मंजूर व्हायचं असेल, पण पर्म दाखल होऊन ३६५ दिवस उलटले असतील, तर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. म्हणजे सहावं वर्ष सुरू होण्याआधी पर्म दाखल झालेला असला पाहिजे. आता उलटं मोजत या. पर्मच्या आधी भरतीच्या जाहिराती; त्यांना आणि मधल्या थांबण्याच्या काळाला मिळून किमान दोन महिने, व्यवहारात तीन. त्याच्या आधी प्रचलित वेतनाचा निर्णय, म्हणजे प्रिव्हेलिंग वेज. त्याला साधारण सहा महिने धरा. कंपनीच्या एचआरची मंजुरी आणि वकिलांची प्रश्नावली यांत आणखी दोन-तीन महिने जातात. या हिशेबाने चौथं वर्ष संपत आलं तरी काहीच हालचाल नसेल तर वेळ कमी उरला आहे. पर्मचा निकाल लागायलाही २०२४-२५ मध्ये वर्षाहून जास्त काळ लागत होता.

नवी नोकरी घेताना पगाराइतक्याच स्पष्टपणे हे विचारा: ग्रीन कार्डाची प्रक्रिया रुजू झाल्यापासून किती महिन्यांनी सुरू करता? ती कोणत्या अटीवर अवलंबून आहे? उत्तर ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलमध्ये घ्या. "आम्ही सगळ्यांचं करतो" या तोंडी आश्वासनावर दोन वर्षं सहज निघून जातात. भारतात किंवा इतरत्र घालवलेले पूर्ण दिवस सहा वर्षांत परत जोडून घेता येतात, त्यामुळे प्रवासाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवा.

पर्मच्या आधीचं काम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ईबी-२ की ईबी-३, हे तुमच्या पदवीवर एकट्यावर ठरत नाही. त्या जागेसाठी कमीत कमी काय लागतं यावर ते ठरतं. जागेला मास्टर्स, किंवा बॅचलर्स आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढत्या जबाबदारीचा अनुभव लागत असेल, तर ईबी-२. बॅचलर्स पुरेशी असेल, किंवा दोन वर्षांच्या अनुभवाचं कुशल काम असेल, तर ईबी-३. तुमच्याकडे एम.एस. आहे पण जागा बी.ई. वाल्याचीही असेल, तर ती ईबी-३ मध्येच जाते.

पर्मच्या अर्जात लिहिलेली प्रत्येक अट तुम्ही प्रायॉरिटी डेटच्या दिवशी पूर्ण करत असायला हवी, आणि ती कागदावर सिद्ध करता यायला हवी. शिवाय स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीतच मिळवलेला अनुभव सहसा धरला जात नाही. आधीचं काम निम्म्याहून जास्त वेगळं होतं असं दाखवता आलं तरच अपवाद. म्हणून पाच वर्षांचा अनुभव मोजताना या कंपनीत रुजू होण्याच्या आदल्या दिवशी थांबा.

पदवीच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या अर्जदारांनी काही गोष्टींकडे खास लक्ष द्यावं. चार वर्षांच्या बी.ई. ला सहसा अडचण नसते. तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. मात्र एकटीने अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जात नाही. तिच्यावर एम.एस्सी. किंवा एमसीए असेल तर एकत्रित मूल्यमापन काय येतं, ते पर्मचा मजकूर लिहिण्याआधी बघायचं. यूएससीआयएस यासाठी एज नावाच्या माहितीसंचाचा आधार घेते. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने त्याच्याशी विसंगत निष्कर्ष काढला तर आय-१४० अडकण्याची शक्यता असते. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून थेट बी.ई. च्या दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनी डिप्लोमाच्या गुणपत्रिकाही द्याव्यात, नाहीतर पदवी तीन वर्षांची दिसते.

आणखी एक बारीक पण कामाची गोष्ट. विद्यापीठाचा पदवीदान समारंभ निकालानंतर कित्येक महिन्यांनी होतो. पदवीनंतरची पाच वर्षं मोजताना यूएससीआयएस प्रोव्हिजनल सर्टिफिकेटची तारीख विचारात घेऊ शकते, पण त्या तारखेपर्यंत पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या होत्या आणि कॉलेज-विद्यापीठाने ती पदवी मान्य केली होती, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. अनुभव जेमतेम पाच वर्षांचा भरत असेल तर हाच कागद तुम्हाला वाचवतो. तो घरी भारतात एखाद्या फाइलमध्ये पडला असेल तर आजच मागवून स्कॅन करून घ्या.

मग अनुभवाची पत्रं. भारतातल्या कंपन्या देतात त्या रिलीव्हिंग लेटरमध्ये हुद्दा आणि दोन तारखा एवढंच असतं. इथे ते पुरत नाही. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं, लिहिणाऱ्याचं नाव व हुद्दा हवा, नोकरीच्या सुरुवातीची व शेवटची तारीख, काम पूर्णवेळ होतं हा उल्लेख, आणि प्रत्यक्ष कामाचं वर्णन हवं. पर्ममध्ये "जावाचा दोन वर्षांचा अनुभव" अशी अट असेल तर पत्रात जावा हा शब्द आणि तो किती काळ वापरला हे दिसलं पाहिजे. एचआर कामाचं वर्णन द्यायला नाही म्हणत असेल, किंवा कंपनी बंद पडली असेल, तर त्या वेळच्या मॅनेजरचं किंवा सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र घ्या आणि त्याला रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ जोडा. लोक नोकऱ्या बदलतात, फोन नंबर बदलतात, त्यामुळे हे पत्र नोकरी सोडतानाच घेऊन ठेवणं सगळ्यात सोपं.

वकील कंपनीने नेमलेला असतो आणि त्याचा पहिला कल कंपनीकडेच असणार. तरी पर्मचा मसुदा तुमच्याकडे येतो तेव्हा तो तुम्हीच सगळ्यात बारकाईने वाचा. तारखा, पदवीचं नाव, विषय, कामाचं ठिकाण, सगळं पत्रांशी ताडून बघा. एकदा दाखल झालेला पर्म दुरुस्त करता येत नाही. चूक मोठी असेल तर अर्ज मागे घेऊन नव्याने करावा लागतो आणि तारीख जाते.

वेतन आणि भरती

कंपनी आधी कामगार खात्याकडून त्या हुद्द्याचं, त्या भागातलं प्रचलित वेतन ठरवून घेते. वेतनाच्या चार पातळ्या असतात. जागेच्या अटी जितक्या वाढवाल तितकी पातळी वर सरकते. तुमचा आजचा पगार त्या आकड्याइतका असलाच पाहिजे असं नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तो पगार द्यायची कंपनीची तयारी हवी, आणि प्रायॉरिटी डेटपासून तशी ऐपत हवी.

भरतीचे नियम ठरलेले आहेत. राज्याच्या रोजगार संस्थेकडे ३० दिवस जागेची नोंद, दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, आणि व्यावसायिक पदांसाठी आणखी तीन मार्ग: कंपनीची वेबसाइट, नोकऱ्यांची वेबसाइट, कॅम्पस भरती, स्थानिक किंवा एखाद्या समाजाचं वर्तमानपत्र वगैरे दहा पर्यायांमधले कुठलेही तीन. शिवाय कामाच्या जागी सलग दहा कामाचे दिवस सूचना लावायची. जाहिराती संपल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि पहिल्या जाहिरातीपासून १८० दिवस उलटायच्या आत पर्म दाखल करायचा. यातला एक दिवस चुकला तरी भरती पुन्हा करावी लागते.

या काळात तुम्ही पूर्ण बाजूला राहायचं. आलेले बायोडेटा बघायचे नाहीत, मुलाखतींत बसायचं नाही, कोणाला "अर्ज करू नका" असं सुचवायचं नाही. कंपनीत तुमची भागीदारी असेल किंवा मालकाशी नातं असेल तर ते अर्जात सांगावंच लागतं. लपवलं तर पुढे सगळं कोसळतं.

आणि पैशांचं काय? पर्मच्या वकिलाची फी आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा असा नियम आहे. तो तुमच्या पगारातून कापता येत नाही, आणि नोकरी सोडल्यावर वसूलही करता येत नाही. असा करार पुढे केला गेला तर सही करण्याआधी स्वतःचा वेगळा वकील गाठा. आय-१४० आणि आय-४८५ च्या खर्चाची वाटणी मात्र कंपनीच्या धोरणावर असते.

अर्ज दाखल झाल्यावर ऑडिट आलं तर घाबरू नका. ते कोणत्याही अर्जाला येऊ शकतं. कंपनीला ३० दिवसांत जाहिरातींच्या प्रती, भरतीचा अहवाल आणि नाकारलेल्या उमेदवारांची कारणं द्यावी लागतात. पर्म खऱ्या अर्थाने अडतो तो दोन प्रसंगांत: कंपनीने त्याच हुद्द्यावरची माणसं मागच्या सहा महिन्यांत त्या भागात कमी केली असतील तर, आणि तुमचं कामाचं ठिकाण दुसऱ्या महानगरात हललं तर. कायम घरून काम करणाऱ्यांनी राज्य बदलण्याआधी वकिलाला विचारावं, कारण पर्म त्या ठिकाणाला बांधलेला असतो.

आय-१४०

पर्म मंजूर झाल्यापासून १८० दिवसांत आय-१४० दाखल झालं नाही तर पर्म रद्द होतो. एप्रिल २०२४ च्या दरांनुसार फी ७१५ डॉलर, आणि त्यावर असायलम प्रोग्रॅम फी ६०० डॉलर. छोट्या कंपन्यांना ३००. दर बदलत राहतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात ते पुन्हा तपासा. जादा पैसे भरून प्रीमियम प्रोसेसिंग घेतलं तर १५ कामाच्या दिवसांत हालचाल होते. म्हणजे मंजुरी, नामंजुरी किंवा आणखी पुराव्याची मागणी. एच-१बी ची मुदत जवळ आली असेल किंवा कंपनीचं भवितव्य डळमळीत वाटत असेल तर प्रीमियमचे पैसे सत्कारणी लागतात.

इथे छोट्या कंपन्या अडखळतात त्या पगार देण्याच्या ऐपतीवर. कर विवरणपत्र, वार्षिक अहवाल किंवा ऑडिट झालेला ताळेबंद यांपैकी काहीतरी द्यावंच लागतं. निव्वळ उत्पन्न किंवा निव्वळ चालू मालमत्ता पर्ममधल्या वेतनाएवढी दिसली, किंवा ते वेतन तुम्हाला आधीच मिळत असलं, तर भागतं. एकाच मालकाने वीस जणांची आय-१४० दाखल केली असतील तर ऐपत वीस जणांची मिळून बघितली जाते. कन्सल्टिंग कंपनीत असाल तर हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा.

मंजुरीची नोटीस कंपनीच्या नावाने येते. प्रत मागून घ्या, निदान रिसीट नंबर तरी. कंपनी देत नसेल तर माहितीच्या अधिकाराच्या अमेरिकन कायद्याखाली, म्हणजे फोयाखाली, यूएससीआयएसकडे तुम्ही स्वतः ती मागू शकता.

मंजुरीनंतर १८० दिवस पूर्ण झाले की कंपनीने आय-१४० मागे घेतलं तरी त्याच्या आधारावर एच-१बी ची मुदतवाढ मागता येते. म्हणून नोकरी बदलायची असेल तर शक्यतो हे १८० दिवस होऊ द्या. नव्या कंपनीत पर्म आणि आय-१४० नव्याने करावं लागतं, पण जुनी तारीख कायम राहते. ती जाते फक्त फसवणूक, मोठी चूक किंवा पर्मच रद्द होणं अशा कारणांनी. नोकरी गेली तर ६० दिवसांपर्यंतची सवलत असते; त्यात नवी कंपनी एच-१बी दाखल करू शकली तर साखळी तुटत नाही.

रांगेत असताना

परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात: फायनल अ‍ॅक्शन डेट्स, म्हणजे कार्ड कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांना देता येईल, आणि डेट्स फॉर फायलिंग, म्हणजे अर्ज कोणाला भरता येईल. आय-४८५ भरायला त्या महिन्यात कोणता तक्ता चालेल हे यूएससीआयएस वेगळं जाहीर करते, त्यामुळे बुलेटिन वाचून लगेच हुरळून जाऊ नका.

ईबी-२ आणि ईबी-३ यांत कोण पुढे, हे बदलत असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-३ ची भरण्याची तारीख भारतासाठी जानेवारी २०१५ पर्यंत गेली आणि ईबी-२ मे २०११ वर होती. तेव्हा हजारो लोकांनी त्याच पर्मवर ईबी-३ मध्ये दुसरं आय-१४० दाखल केलं. अशी संधी पुन्हा आली तर चटकन हलता यावं म्हणून पर्मची प्रत हाताशी असू द्या.

देशाची मर्यादा नागरिकत्वावर नाही, जन्मस्थानावर आहे. आईवडील नोकरीला असताना दुबईत किंवा मस्कतमध्ये जन्मलेल्या मराठी माणसाला भारताची रांग लागत नाही, पासपोर्ट भारतीय असला तरी. जोडीदाराचा जन्म भारताबाहेरचा असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेतून अर्ज करता येतो. ही गोष्ट कितीतरी जणांच्या लक्षातच येत नाही.

अविवाहित असाल तर लग्न ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी झालेलं हवं, तरच जोडीदाराला तुमच्याबरोबर कार्ड मिळतं. मुलं २१ वर्षांची झाली की त्यांना तुमच्याबरोबर कार्ड मिळत नाही, आणि हा प्रश्न त्याहून अवघड. सीएसपीए कायद्याने आय-१४० जितके दिवस प्रलंबित होतं तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात, पण १५ ऑगस्ट २०२५ पासून नव्या अर्जांसाठी यूएससीआयएस वय फायनल अ‍ॅक्शन डेटवरून मोजते. मूल १५-१६ वर्षांचं असेल तर हा हिशेब वकिलाकडून लेखी करून घ्या.

आय-४८५ आणि घरचे कागद

तारीख आली की हाताशी फार तर एक-दोन महिने असतात, आणि अडतं ते जन्मदाखल्यावर. जुन्या दाखल्यात बाळाचं नाव नसतं, आईचं माहेरचं नाव असतं, किंवा सगळं मराठीत असतं. नाव नसेल तर महापालिका किंवा ग्रामपंचायतीत ते नोंदवून नवा दाखला घ्या. नोंदच सापडत नसेल तर तसा दाखला घ्यायचा, आणि त्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा येणारी कोणीही व्यक्ती करू शकते. भाषांतर पूर्ण व बरोबर आहे आणि आपल्याला ते करता येतं, असं तिने सही करून लिहिलं की पुरतं.

पासपोर्टमध्ये दिलेल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिसळलेलं असतं, दाखल्यात नसतं. लग्नानंतर नाव बदललेलं असतं. हे सगळे फरक एका प्रतिज्ञापत्रात मांडा आणि गॅझेटची प्रत असेल तर जोडा. लग्नाचा दाखला नोंदणी कार्यालयाचा हवा. मंगल कार्यालयाची पावती आणि पत्रिका पुरावा म्हणून चालत नाहीत.

वैद्यकीय तपासणीचा फॉर्म आय-६९३ डिसेंबर २०२४ पासून अर्जाबरोबरच पाठवावा लागतो. तो सिव्हिल सर्जन म्हणून नेमलेल्या डॉक्टरकडूनच भरून घ्यायचा. लहानपणच्या लसींची नोंद भारतातून मागवली तर पुन्हा टोचून घ्यायच्या लसी कमी होतात. एप्रिल २०२४ च्या दराने मोठ्यांची फी १,४४० डॉलर, आईवडिलांबरोबर अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलाची ९५०. ईएडी आणि अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना परदेशी जाऊन परत येण्याचा परवाना, यांचे पैसे वेगळे.

अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिला आणि आय-१४० मंजूर असलं की त्याच किंवा मिळत्याजुळत्या कामाच्या नोकरीवर जाता येतं. त्यासाठी नव्या कंपनीकडून आय-४८५ चा सप्लिमेंट जे हा फॉर्म भरून घ्यायचा. प्रवासाचं मात्र सांभाळा. वैध एच-१बी वर परत येणार नसाल, तर अ‍ॅडव्हान्स पॅरोल हातात आल्याशिवाय देश सोडला की आय-४८५ सोडून दिल्यासारखं धरलं जातं. घरी कोणी आजारी असेल आणि कधीही निघावं लागेल अशी स्थिती असेल, तर अ‍ॅडव्हान्स पॅरोलचा अर्ज आय-४८५ च्याच पाकिटात पाठवा.

तोवर भारतात परतलेले असाल तरी आय-१४० वाया जात नाही. कंपनी नोकरी द्यायला अजून तयार असेल तर मुंबईच्या वकिलातीतून स्थलांतरित व्हिसा घेता येतो. त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो आणि वैद्यकीय तपासणी वकिलातीने ठरवलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते.